फोन रूट केला, बँकेचं अ‍ॅप रुसलं

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे: फोन माझा, पैसे माझे, मग अ‍ॅप मला दारातच का अडवतं? त्या पत्रांना आधी हात घातला आहे. आधार, सिम आणि गळणाऱ्या माहितीचे प्रश्न त्यानंतर.

प्रश्न : फोनला कंपनीचे अपडेट यायचे थांबले म्हणून मुलाने त्यावर लिनेजओएस (फोन कंपनीची नसलेली, अँड्रॉइडवर बेतलेली पर्यायी प्रणाली) टाकून दिलं. फोन आता आधीपेक्षा हलका चालतो. पण बँकेचं अ‍ॅप उघडलं की ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणतं आणि बंद होतं. यूपीआयचं एक अ‍ॅप चालतं, दुसरं चालत नाही. फोन रूट केलेला नाही, असं मुलगा छातीठोक सांगतो.
— एक वाचक, नाशिक

मुलाचं बरोबर आहे आणि बँकेच्या अ‍ॅपचंही. रूट करणं आणि बूटलोडर उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होतो तो बूटलोडर. पुढे जी अँड्रॉइड प्रणाली चालू होणार तिच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे तो तपासतो. लिनेजओएसवर तुमच्या फोनच्या कंपनीची सही नसते, म्हणून ते टाकण्याआधी बूटलोडरचं कुलूप काढावं लागतं. फोन चालू करताना काही सेकंद इशाऱ्याचा मजकूर दिसत असेल तो याचाच. रूट ही त्यापुढची पायरी. त्यात एखाद्या अ‍ॅपला प्रणालीतली कुठलीही फाइल वाचायचा आणि बदलायचा अधिकार मिळतो. तुमच्या फोनमध्ये पहिलं झालं आहे, दुसरं नाही.

अ‍ॅपला हे कळतं कसं? फोनच्या चिपमध्ये अँड्रॉइडपासून अलग ठेवलेला एक सुरक्षित कप्पा असतो आणि त्यात कारखान्यात भरलेली किल्ली असते. विचारणा झाली की तो कप्पा एक दाखला सही करून देतो. बूटलोडर बंद आहे की उघडा, प्रणाली कोणाच्या सहीची, सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचा, हे सगळं त्या दाखल्यात असतं. अँड्रॉइडमध्ये कितीही फेरफार केले तरी ही सही नकली करता येत नाही. गूगलची ‘प्ले इंटेग्रिटी’ सेवा हा दाखला पाहून अ‍ॅपला निकाल कळवते. निकालाच्या तीन पायऱ्या आहेत: बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर डिव्हाइस पायरीसाठीही आता चिपचा पुरावा लागतो. स्ट्राँगसाठी त्याशिवाय गेल्या वर्षभरातला सुरक्षा अपडेट असावा लागतो. मे २०२५पासून हे सगळीकडे लागू झालं. त्यामुळे ज्यांनी फोनला कधी हातही लावला नाही, पण ज्यांचा फोन जुना झाला आहे, अशांनाही काही अ‍ॅप अडवू लागली आहेत.

कोणती पायरी मागायची हे ज्याचं त्याचं अ‍ॅप ठरवतं. एक यूपीआय अ‍ॅप बेसिकवर समाधान मानतं, दुसरं डिव्हाइस मागतं. तुमच्याकडे एक चालतं आणि दुसरं अडतं ते एवढ्याचसाठी. बँकांनाही हात झटकता येत नाहीत. फेब्रुवारी २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबद्दल निर्देश काढले. फोन किमान अटींत बसत असेल तरच अ‍ॅप चालू द्यावं आणि दूरून स्क्रीन चालवणारी अ‍ॅप ओळखून शक्य तिथे लॉगिन रोखावं, हे त्यात आहे.

आता करायचं काय? बँकेचं काम ब्राउझरमधून नेट बँकिंगने करा, तिथे ही तपासणी नसते. यूपीआयसाठी घरातला दुसरा साधा, कुलूपबंद फोन वापरा. मात्र खात्याशी जोडलेलं सिम त्या फोनमध्ये हवं, कारण नोंदणीच्या वेळी अ‍ॅप त्या सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवतं आणि फोन व नंबर यांची गाठ मारतं. सिमवर एसएमएसपुरते पैसे नसले तर नोंदणी अडते, आणि लोक मात्र नेटवर्कला नावं ठेवत बसतात. नव्या फोनवर पहिले २४ तास पाठवायच्या रकमेची मर्यादा कमी असते, तेव्हा महत्त्वाचा व्यवहार त्या पहिल्या दिवसावर ठेवू नका. अगदी अडलंच तर *९९# आहे. इंटरनेट लागत नाही, बटणांच्या फोनवरही चालतं, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. पिन आधी केलेला नसेल तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख हाताशी ठेवा.

प्रश्न : मॅजिस्क, झायगिस्क, डिनायलिस्ट, वर लपवाछपवीची दोन मोड्यूल असं सगळं लावलं आहे. काही आठवडे चालतं आणि एका सकाळी अ‍ॅप पुन्हा अडतं. टेलिग्रामवर एकजण ‘खासगी कीबॉक्स’ विकतोय. घ्यावा का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

घेऊ नकोस.

मॅजिस्क म्हणजे फोन रूट करणारं साधन, झायगिस्क आणि डिनायलिस्ट हे त्याचेच भाग, आणि मोड्यूल म्हणजे त्याला लावायचे जोड. डिनायलिस्ट एवढंच करते: यादीतलं अ‍ॅप सुरू झालं की त्याच्यापुरते मॅजिस्कने केलेले बदल बाजूला काढून ठेवते. अ‍ॅप स्वतः ‘एसयू’ ही रूटची खूण असलेली फाइल शोधत फिरत असेल तर त्याला काही सापडत नाही. चिपकडून आलेल्या दाखल्याला मात्र ती हात लावू शकत नाही. मोड्यूल तिथे दुसऱ्याच फोनची ओळख पुढे करतात, आणि स्ट्राँग पायरी हवी असेल तर त्यासाठी कीबॉक्स वापरतात. हा कीबॉक्स म्हणजे कुठल्या तरी खऱ्या फोनच्या कारखान्यातून फुटलेली खासगी किल्ली आणि तिची प्रमाणपत्रं. फुटलेल्या किल्ल्यांची रद्दयादी गूगल जाहीरपणे ठेवतं. तुझ्या किल्लीचा क्रमांक त्या यादीत गेला की ती वापरणारे सगळे एकाच वेळी बाहेर पडतात. ‘एका सकाळी पुन्हा अडतं’ त्यामागे हेच असतं. विकणारा ‘खासगी’ म्हणतो ती किल्ली त्याने किती जणांना विकली हे तुला कळणार नाही, आणि जितक्या जणांना विकली तितकी ती लवकर मरणार. नव्या फोनमध्ये तर किल्लीची प्रमाणपत्रं थोड्या मुदतीची असतात आणि सर्व्हरवरून येतात, त्यामुळे अशा गळतीला वावच कमी होत चालला आहे.

पैसे बुडतील ते वेगळं, पण खरी भीती दुसरीच आहे. मोड्यूलची झिप फाइल बसवताना तिच्यातली स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालते. एरवी अँड्रॉइडमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खासगी फोल्डरमध्ये डोकावता येत नाही. रूटला येतं. व्हॉट्सअ‍ॅपचा डेटाबेस, ईमेलचं लॉगिन टोकन, ओटीपीचे मेसेज, सगळं त्या स्क्रिप्टच्या टप्प्यात येतं. यूपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतो हे खरं, पण अ‍ॅपच्या प्रक्रियेत शिरणारं मोड्यूल तो टाइप होत असताना वाचू शकतं. ज्याचा सोर्स कोड उघड नाही, असं काहीही रूटने बसवायचं नाही, एवढी शिस्त ठेव.

पुढे पैसे गेलेच, तर रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७चा नियम वाचून ठेव. त्रयस्थाने केलेली फसवणूक तीन कामकाजी दिवसांत कळवली तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. बँकेची सुरक्षा तपासणी चुकवून अ‍ॅप चालवलं, हा मुद्दा तुझ्या बाजूने जाणारा नाही.

शिकण्यासाठी रूट जरूर कर. त्यासाठी सिम नसलेला, पैशाशी संबंध नसलेला वेगळा जुना फोन घे. घेण्याआधी त्या कंपनीचा बूटलोडर अधिकृतपणे उघडता येतो का ते बघ. पिक्सेल आणि मोटोरोलाच्या पुष्कळ फोनमध्ये येतो (पिक्सेल सेवाकंपनीने कुलूप घातलेला नसला पाहिजे). शाओमीत आधी खातं जोडून मुदतीपर्यंत थांबावं लागतं. विवो अधिकृतपणे उघडू देत नाही.

आणि बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) पॅच करताना, म्हणजे रूटसाठी तिच्यात बदल करताना, तुझ्या फोनमध्ये आत्ता जो बिल्ड क्रमांक आहे त्याच फर्मवेअरमधली (कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमधली) घे. फोन लोगोवर अडकून फिरत राहतो त्यामागे बहुतेक वेळा हीच चूक असते: महिन्यापूर्वीची इमेज पॅच केली, मधे अपडेट बसला. अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बहुतेक फोनमध्ये ‘बूट’ नव्हे, ‘इनिट बूट’ इमेज पॅच करायची असते. चुकीची इमेज फ्लॅश केलीस, म्हणजे फोनमध्ये लिहिलीस, तर घाबरू नको. न पॅच केलेली मूळ इमेज फास्टबूटमधून (संगणकावरून फोनमध्ये प्रणालीच्या फाइली टाकायच्या मोडमधून) परत टाकली की फोन उठतो. ती मूळ फाइल आधीच संगणकावर ठेवायची ती याचसाठी.

प्रश्न : रूट केलेला फोन पुन्हा मूळपदावर आणून बूटलोडर बंद करायचा आहे. दुकानदार म्हणतो, फोन कायमचा बंद पडेल.
— एक वाचक, कोल्हापूर

घाई केली तर पडतो. क्रम नीट पाळला तर नाही.

आधी बॅकअप. बूटलोडर उघडताना जसा सगळा डेटा पुसला गेला तसाच बंद करतानाही पुसला जातो. फोटो सगळ्यांच्या लक्षात असतात, पण दुहेरी पडताळणीचे कोड देणारं अ‍ॅप विसरलं जातं. त्याची खाती आधी दुसऱ्या फोनवर न्या.

मग फोनच्या नेमक्या मॉडेलचं आणि नेमक्या प्रदेशाचं पूर्ण फर्मवेअर उतरवा. भारतीय फोनवर चिनी किंवा युरोपीय आवृत्ती टाकून कुलूप लावलं तर काही फोन सुरूच होत नाहीत. आवृत्ती आत्ताच्यापेक्षा जुनी नको. बऱ्याच फोनमध्ये मागे न जाऊ देणारी व्यवस्था असते आणि तिला धक्का लावला तर दुकानदाराचं म्हणणं खरं ठरतं. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असावी. केबल फोनबरोबर आलेली वापरा आणि संगणकाच्या जुन्या, यूएसबी २च्या पोर्टला लावा. नव्या वेगवान पोर्टवर फास्टबूट मधेच तुटण्याच्या तक्रारी खूप आहेत.

शाओमीचं फ्लॅश करायचं साधन वापरत असाल तर खिडकीच्या तळाशी उजवीकडे बघा. ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय तिथे आधीच निवडलेला असतो. तो बदलून ‘क्लीन ऑल’ करा. हे न पाहता बटण दाबलं की चुकीचं फर्मवेअर आणि बंद कुलूप दोन्ही एकदम गळ्यात पडतं.

फ्लॅश झाल्यावर फोन एकदा पूर्ण सुरू होऊ द्या. स्वागताची स्क्रीन आली, वाय-फाय आणि सिम चालतं आहे याची खात्री करा. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ओईएम अनलॉकिंग’ चालूच ठेवा. काही बिघडलं तर परत उघडायची तीच एक वाट असते. मगच फास्टबूटमध्ये जाऊन ‘फास्टबूट फ्लॅशिंग लॉक’ ही आज्ञा द्या (जुन्या फोनमध्ये ‘फास्टबूट ओईएम लॉक’). फोनवर विचारणा येते तिला आवाजाच्या बटणांनी होकार द्या. फोन पुसला जाऊन नव्याने सुरू होईल आणि इशाऱ्याचा मजकूर गेलेला असेल. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्टच्या प्रमाणपत्राची ओळ असते, तिथे फोन प्रमाणित आहे असं दिसलं की काम झालं.

‘युअर डिव्हाइस इज करप्ट’ असं आलं तर फोनच्या साठ्यातल्या एखाद्या विभाजनात (पार्टिशनमध्ये) अजून बदललेली फाइल राहिली आहे. पुन्हा उघडा, पूर्ण फर्मवेअर पुन्हा टाका.

सॅमसंगमध्ये एक गोष्ट परत येत नाही. परकं सॉफ्टवेअर एकदा चाललं की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज उडतो आणि डाउनलोड मोडमध्ये ‘वॉरंटी व्हॉइड’पुढे शून्याच्या जागी एक दिसतो. मूळ फर्मवेअर टाकलं, कुलूप लावलं, तरी तो एकच राहतो. सॅमसंग वॉलेटची पेमेंट सेवा आणि सिक्युअर फोल्डर त्या फोनवर मिळत नाही. जुना सॅमसंग विकत घेताना पैसे देण्याआधी हे बघून घ्या.

प्रश्न : मी रूट वगैरे काही जाणत नाही. तरी पेन्शनच्या बँकेचं अ‍ॅप उघडत नाही, ‘धोकादायक अ‍ॅप आढळलं’ म्हणतं.
— एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

तीन ठिकाणी बघा. कुणी मदतीसाठी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं असेल तर काढून टाका. आणि ते फोनवरून अनोळखी माणसाच्या सांगण्याने टाकलं असेल तर आधी बँकेत जाऊन खातं तपासा. दुसरं, सेटिंग्जमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ चालू असेल तर बंद करा. तिसरं, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्ये कोणत्या अ‍ॅपला परवानगी दिली आहे ते पाहा. दृष्टीसाठी टॉकबॅक वापरत असाल तर ते राहू द्या, कॉल रेकॉर्डर किंवा फोन ‘स्वच्छ’ करणाऱ्या अ‍ॅपची परवानगी काढा.

प्रश्न : स्वस्तातल्या फोनमध्ये कंपनीनेच भरलेली अ‍ॅप आणि जाहिराती यांनी जीव नकोसा केला आहे. ती काढायला रूटच करावं लागेल ना?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही, आणि केवळ या कामासाठी रूट करणं म्हणजे बँकेचं अ‍ॅप गमावून कॅलेंडरची जाहिरात घालवणं.

आधी सेटिंग्जमधून होतंय तेवढं करा. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये जाहिराती ‘एमएसए’ नावाच्या सेवेतून येतात. सेटिंग्जच्या शोधखिडकीत ‘ऑथरायझेशन’ टाइप करा, ‘ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन’ उघडा आणि एमएसएपुढचं बटण बंद करा. दहा सेकंद थांबवतं, मग ‘रद्द करता आलं नाही’ असा संदेश देतं. इंटरनेट चालू ठेवून पुन्हा दाबा, पुन्हा दाबा. तिसऱ्या-चौथ्या वेळी बंद होतं. अपघात वाटत नाही, पण होतं खरं.

अ‍ॅप काढण्यासाठी संगणक आणि एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं) साधन लागेल. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचक्या मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा आणि फोनवर आलेल्या विचारणेला होकार द्या. शाओमीत ‘यूएसबी डीबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)’ हे दुसरं बटणही असतं, नुसती अ‍ॅप काढायला ते लागत नाही. मग आज्ञा द्यायची ती शब्द सुटे ठेवून अशी वाचा: एडीबी, शेल, पीएम, अनइन्स्टॉल, दोन आडव्या रेघा जोडून यूजर, शून्य, आणि शेवटी पॅकेजचं पूर्ण नाव. अ‍ॅप तुमच्या वापरातून जातं, पण प्रणालीच्या विभाजनात त्याची मूळ प्रत राहते. म्हणून पस्तावलात तर ‘एडीबी शेल सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ आणि पॅकेजचं नाव देऊन ते परत आणता येतं. फॅक्टरी रीसेटनेही परत येतं.

काढू नये ते काढलं की फोन सुरूच होत नाही. शाओमीत ‘फाइंड डिव्हाइस’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन पॅकेजना हात लावू नका. कुठल्याही फोनमध्ये लाँचर, कीबोर्ड आणि सेटिंग्ज यांना पर्याय बसवल्याशिवाय काढू नका. एका दमात वीस अ‍ॅप उडवण्यापेक्षा दोन-तीन काढा, फोन बंद करून चालू करा, मग पुढची. काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करा, नाहीतर वरच्या सोलापूरच्या पत्रासारखी गत होईल.

ब्राउझर आणि फुकट खेळांतल्या जाहिराती कमी करायला सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचं नाव टाकलं तर बऱ्याचशा थांबतात. यूट्यूबच्या थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओबरोबर एकाच ठिकाणाहून येतात. एखादं संकेतस्थळ किंवा पेमेंटचं पान उघडेनासं झालं तर ही सेटिंग तात्पुरती ‘ऑटोमॅटिक’ करून पाहा.

प्रश्न : रूट केल्यावर अ‍ॅप कंपन्यांपासून आपली ओळख लपवता येते, असं वाचलं. खरं का?
— एक वाचक, नागपूर

थोडं खरं, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत फार आहे. बरंचसं काम अँड्रॉइडनेच करून ठेवलंय. अँड्रॉइड १०पासून साध्या अ‍ॅपला फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) वाचता येत नाही. अँड्रॉइड ८पासून ‘अँड्रॉइड आयडी’ प्रत्येक कंपनीच्या अ‍ॅपला वेगळा दिसतो. अँड्रॉइड ११पासून अ‍ॅपला तुमच्या फोनमधल्या बाकीच्या अ‍ॅपची यादी सरसकट मिळत नाही, खास परवानगी लागते. जाहिरातीसाठीचा ओळखक्रमांक तुम्ही स्वतः पुसू शकता: सेटिंग्जमध्ये गूगलखाली ‘अ‍ॅड्स’मध्ये जा आणि ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ करा. एक मिनिटाचं काम.

खरी ओळख तुम्ही आपणहून देता, तो मोबाइल नंबर. किराणा, औषधं, गाडीची सर्व्हिसिंग, कर्ज, सगळीकडे तोच. तो बदलत नाही, म्हणून माहितीचे तुकडे जोडायला तो सगळ्यात सोयीचा. फोन रूट करून तो लपत नाही. दुकानात नंबर मागितला की ‘नको, बिल कागदावर द्या’ म्हणायची सवय रूटपेक्षा जास्त उपयोगी आहे.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबद्दल नियमच आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिजिटल कर्जाच्या अ‍ॅपने संपर्कयादी, कॉल लॉग, फोटो आणि फाइल यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक, ठिकाण एकदाच, तेही तुमच्या संमतीने. ‘कॉन्टॅक्ट्स’ मागणारं कर्जाचं अ‍ॅप दिसलं की ते तिथेच काढा. वसुलीच्या वेळी नातेवाइकांना फोन जातात ते याच यादीतून.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली. वडिलांनी उघडली, ‘इन्स्टॉल’ही दाबलं. पुढे काहीच झालं नाही. फोन रूट नसल्यामुळे वाचलो का?
— एक वाचक, रत्नागिरी

‘काहीच झालं नाही’ हीच या अ‍ॅपची रीत आहे. त्यांना रूट लागत नाही. एसएमएस वाचायची परवानगी, सूचना वाचायची परवानगी आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी एवढं मिळालं की ओटीपी परस्पर बाहेर जातो. अँड्रॉइड १३पासून बाहेरून बसवलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी सहज देता येत नाही, म्हणून फोनवरचा माणूस ‘अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ कुठे आहे ते गोड बोलून दाखवतो.

लगेच करायचं ते या क्रमाने. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद आहे ना ते पाहा, आणि सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या अधिकृत नंबरला कळवून यूपीआय, कार्ड आणि नेट बँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये टाकून *#२१# डायल करा. कॉल दुसऱ्या नंबरकडे वळवलेले दिसले तर ##००२# ने सगळी वळणं रद्द करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक असेल तर बाहेर काढा, नाहीतर वडिलांच्या नावाने तीच फाइल गावभर जाईल.

मग बाधित फोन. अ‍ॅपचं चित्र मुखपृष्ठावर दिसत नसेल, म्हणून सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या पूर्ण यादीत शोधा. ‘अनइन्स्टॉल’ करडं दिसत असेल तर त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार घेतला आहे. सेफ मोडमध्ये फोन चालू करा, तो अधिकार काढा, मग अ‍ॅप काढा. फोटो वाचवून फॅक्टरी रीसेट करणं सगळ्यात बरं. पासवर्ड आणि पिन रीसेटनंतर बदला. आधी बदललेत तर नवेही त्यांनाच कळतील. चलान खरं आहे का ते ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, त्यासाठी कुठलीही फाइल बसवावी लागत नाही.

प्रश्न : लॉज, झेरॉक्सचं दुकान, सोसायटी, सगळीकडे आधारची प्रत मागतात. किती द्यावं?
— एक वाचक, ठाणे

जमेल तिथे मास्क्ड आधार द्या. माय आधारच्या संकेतस्थळावरून उतरवताना ‘मास्क्ड’वर खूण केली की पहिले आठ अंक झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. म्हणजे जो तुमचं नाव आणि साल जाणतो त्याला तोही माहीत आहे, तेव्हा झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर फाइल सोडून येऊ नका. क्रमांक द्यायचाच असेल तर सोळा अंकी व्हीआयडी (आधार क्रमांकाऐवजी द्यायचा पर्यायी क्रमांक) चालतो, आणि तो केव्हाही नवा काढता येतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बायोमेट्रिक लॉक. जमिनीच्या दस्तांवरच्या अंगठ्यांवरून नकली ठसे करून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. लॉक केलं की कुणीही ठसा लावला तरी ३३० हा त्रुटी क्रमांक येतो. रेशन दुकानात अंगठा लावायच्या दिवशी ते काही मिनिटांपुरतं उघडता येतं. आईवडिलांचं लॉक करणार असाल तर आधी त्यांना सांगा, नाहीतर रेशनच्या रांगेत मशीन नकार देईल आणि दोष दुकानदाराला जाईल.

आपल्या नावावर किती सिम आहेत तेही ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नंबर नाही’ अशी तक्रार करा.

प्रश्न : रूट करून आयएमईआय बदलता येतो का?
— नाव-गाव नाही

दूरसंचार कायदा २०२३नुसार हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढचं पत्र.

प्रश्न : मी कतारमध्ये असतो. भारतातलं सिम बंद पडत आलंय. बँकेचे ओटीपी आणि यूपीआय दोन्ही त्यावरच आहेत.
— एक वाचक, दोहा

ते बंद पडायच्या आधी हालचाल करा. वापर नसलेला प्रीपेड नंबर ९० दिवसांनी बंद होऊ शकतो आणि काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. मग तुमच्या खात्याचे मेसेज त्याच्या हातात. सोपी वाट म्हणजे किमान रिचार्ज चालू ठेवणं. घरच्या कुणाला तारीख लावून द्या.

यूपीआयसाठी दुसरी वाट आहे. जानेवारी २०२३मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दहा देशांतल्या मोबाइल नंबरवर एनआरई आणि एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यांना यूपीआयची मुभा दिली, त्यात कतार आहे. पण तुमची बँक आणि तुमचं अ‍ॅप दोन्ही त्यात सामील असायला हवीत, आणि कतारचा नंबर आधी बँकेच्या नोंदीत चढलेला हवा. साधं बचत खातं अजून निवासी म्हणूनच चालू असेल तर प्रथम ते एनआरओत बदलावं लागेल.

भारतातल्या सिमला पिन लावून ठेवा. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी पिनशिवाय ते नेटवर्क पकडत नाही. मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला की पीयूके (सिम उघडायचा कंपनीचा कोड) मागतं, आणि पीयूके दहा वेळा चुकला की ते सिम कायमचं निकामी होतं. दोह्यात बसून नवं सिम मिळवणं किती कटकटीचं, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.